तोतया कुटुंब : समलिंगी पालकांच्या चित्रपुस्तकांचा एक इतिहास

चित्रपुस्तक हा वाङ्मयप्रकार समीक्षेने क्वचितच गंभीरपणे घेतला आहे. तीसबत्तीस पाने, पानागणिक दोनतीन वाक्ये, उरलेली जागा चित्राची. एवढ्याशा ऐवजात अन्वयार्थ लावण्यासारखे काय असणार, असा समज त्यामागे असतो. परंतु गेल्या चार दशकांत ह्या प्रकारातील एका लहानशा शाखेचे जेवढे बारकाईने वाचन झाले, तेवढे भल्याभल्या कादंबऱ्यांच्याही वाट्याला आलेले नाही. मात्र हे वाचन समीक्षकांनी केलेले नाही. ते मंत्र्यांनी, शाळा-मंडळांच्या सभासदांनी, धर्मोपदेशकांनी आणि न्यायाधीशांनी केले आहे. ज्या घरात दोन आया किंवा दोन बाबा आहेत अशा घरातील मुलांची ही पुस्तके. त्यांत जे घडते ते अतिशय साधे असते : कपडे धुतले जातात, सायकल दुरुस्त होते, वाढदिवस साजरा होतो, मूल झोपी जाते. ह्या साध्या दिवसाने एका देशात कायदा घडविण्यास निमित्त पुरवले, दुसऱ्या देशात एका शिक्षणप्रमुखाचे पद जाण्यास हातभार लावला, तिसऱ्या देशात पुस्तकविक्रेत्याला दंड भरावयास लावला. इतक्या निरुपद्रवी दिसणाऱ्या मजकुरात ही शक्ती कोठून आली, हा प्रश्न राजकारणाचा आहेच. पण तो रूपाचाही प्रश्न आहे, आणि त्या बाजूने तो फारसा विचारला गेलेला नाही.

ह्या शाखेचा आरंभ सामान्यतः १९८९ च्या ‘हेदर हॅज टू मॉमीज’पासून धरला जातो. ही समजूत चुकीची आहे. परंतु ती चूक अर्थपूर्ण आहे. त्याआधी दहा वर्षे, १९७९ साली, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘लॉलिपॉप पॉवर’ ह्या स्त्रीवादी प्रकाशनसमूहाने जेन सेव्हरन्स यांचे ‘व्हेन मेगन वेंट अवे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. चित्रे टी शूक यांची होती. शॅनन नावाच्या मुलीची आई आणि मेगन एकत्र राहत होत्या. आता मेगन घर सोडून गेली आहे. ह्या पुस्तकात समलिंगी प्रेमाचे समर्थन नाही, कुटुंबाची व्याख्या नाही. आहे ते रिते झालेले घर, आणि स्वतःच्या दुःखात बुडालेल्या आईपर्यंत पोचू पाहणारे मूल. म्हणजे दोन स्त्रियांच्या संसाराची ही पहिली ज्ञात चित्रकथा त्या संसाराच्या मोडण्याची कथा आहे.

वाङ्मयीन दृष्टीने सेव्हरन्स यांची कृती नंतरच्या बहुतेक पुस्तकांहून सरस म्हणावी लागेल, कारण त्या नात्याची सिद्धता करण्याचे ओझे तिने पत्करलेलेच नाही. नाते गृहीत धरून ती थेट त्याच्या वियोगाकडे वळते. परंतु सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील न्यायालये समलिंगी आईकडून मुलांचा ताबा सर्रास काढून घेत होती. ज्या घराचे अस्तित्वच न्यायालयात संशयित होते, त्या घराला मोडलेल्या अवस्थेत दाखवणारे पुस्तक चळवळीच्या कामाचे नव्हते. हवे होते ते घर उभे असल्याचे, सुखी असल्याचे चित्र. मेगनची कथा म्हणून विस्मरणात गेली आणि पहिलेपणाचा मान हेदरकडे गेला. साहित्याच्या इतिहासात ‘पहिले’ कोणाला म्हणावयाचे हे बहुधा नंतरच्या पिढीच्या गरजेवरून ठरते. येथे ती गरज पुराव्याची होती.

पुराव्याची ही गरज ज्या पुस्तकात सर्वांत उघडपणे रूप धारण करते ते युरोपात तयार झाले. डॅनिश लेखिका सुझान ब्योश यांचे मूळ पुस्तक १९८१ चे. त्याची इंग्रजी आवृत्ती ‘जेनी लिव्ह्ज विथ एरिक अँड मार्टिन’ ह्या नावाने लंडनच्या ‘गे मेन्स प्रेस’ने १९८३ साली काढली. त्यात चित्रे नाहीत, आंद्रेआस हान्सेन यांनी टिपलेली काळी-पांढरी छायाचित्रे आहेत. पाच वर्षांची जेनी, तिचे वडील मार्टिन आणि त्यांचा साथीदार एरिक हे एका घरात राहतात. जेनीची आई कॅरन जवळच राहते आणि ये-जा करते. तिघे मिळून सार्वजनिक धुलाईकेंद्रात कपडे धुवावयास जातात, सोंगट्यांसारखा एक बैठा खेळ खेळतात, एरिकच्या नकळत त्याच्या वाढदिवसाची तयारी होते. दोघा पुरुषांचे किरकोळ भांडण होते आणि मिटते. रस्त्यावरून जाताना एक बाई त्यांच्याकडे पाहून तिटकारा व्यक्त करते, आणि मग एरिकला जेनीशी त्याविषयी बोलावे लागते. एवढेच कथानक.

हे पुस्तक कंटाळवाणे आहे, असे त्याचे समर्थकही मान्य करतील. पण हा कंटाळा हेतुपूर्वक आहे. कथनातील निरुपयोगी दिसणारा तपशील ‘हे खरे आहे’ एवढेच सुचवण्यासाठी असतो, असे रोलां बार्थ यांनी १९६८ साली मांडले होते, आणि छायाचित्राविषयी पुढे १९८० साली त्यांनी म्हटले की त्याचा गाभा साक्षीचा असतो : कॅमेऱ्यासमोर हे होते, एवढे ते निःसंशय सांगते. ब्योश आणि हान्सेन यांनी हे दोन्ही मार्ग एकत्र आणले. धुण्याच्या गाठोड्याचा निरुपयोगी तपशील आणि तोही छायाचित्रात. पुस्तक कोणताही युक्तिवाद करत नाही. ते फक्त दाखवते की असे घर आहे, त्यात असा शनिवार-रविवार जातो.

१९८६ साली ब्रिटिश वृत्तपत्रांनी हे पुस्तक ‘शोधून काढले’. लंडनच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या ‘इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटी’च्या एका शाळेच्या ग्रंथालयात ते मुलांच्या हाती लागते आहे, अशी बातमी आली. प्रत्यक्षात ती प्रत शिक्षकांच्या संदर्भासाठी शिक्षककेंद्रात ठेवलेली होती. तथापि बातमीला खंडनाची पर्वा नव्हती. त्या वर्षी पुस्तकातील एक छायाचित्र विशेष गाजले : बिछान्यात बसून न्याहारी करणारे दोघे पुरुष आणि त्यांच्याजवळ मुलगी. छायाचित्राची साक्ष अशी उलटली. मुलांनी सकाळी आईवडिलांच्या पांघरुणात घुसावे ही जगातील बहुतेक घरांतील गोष्ट. परंतु ‘हे होते’ म्हणणारे छायाचित्र ज्याला ते असू नये असे वाटते त्याच्या हातात आरोपपत्र होऊन जाते. रेखाटनाला निदान ‘ही कल्पना आहे’ असे म्हणण्याची पळवाट असते. छायाचित्राला ती नाही. ह्यानंतर ह्या शाखेतील पुस्तकांनी छायाचित्राचा मार्ग जवळजवळ सोडून दिला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

१९८७ च्या ऑक्टोबरात पक्षाच्या ब्लॅकपूल येथील अधिवेशनात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी शाळांतून मुलांना समलिंगी असण्याचा हक्क शिकवला जात असल्याची तक्रार केली. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम २८ त्या वर्षीच्या २४ मे रोजी अमलात आले. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन देऊ नये, आणि असे संबंध हे कुटुंबाचे नाते म्हणून स्वीकारार्ह असल्याचे शाळांत शिकवले जाऊ नये, असा त्याचा आशय. ‘कुटुंबाचे नाते’ ह्या शब्दांना कायद्याने एक विशेषण जोडले होते : ‘प्रिटेंडेड’.

ह्या एका विशेषणापाशी समीक्षकाने थांबावयास हवे. इंग्रजी कायद्याच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ ‘जो आहे असा दावा केला जातो तो’ एवढाच. राजसिंहासनावर हक्क सांगणाऱ्यालाही त्याच धातूपासून आलेला शब्द लावत. परंतु रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ सोंग, बतावणी. मराठीत ह्या दोन्ही छटा एकत्र पकडणारा शब्द आपल्या इतिहासानेच दिला आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या इसमाला पेशवाईने जे ठरवले ते : तोतया. कायदा म्हणत होता, हे तोतया कुटुंब आहे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की छायाचित्रांचे पुस्तक ‘हे आहे’ असे म्हणते आणि कायदा त्याला उत्तर म्हणून ‘हे नाही’ असे म्हणत नाही. तसे म्हणणे शक्यच नव्हते; धुण्याचे गाठोडे समोर होते. कायदा म्हणतो, हे आहे, पण ते अभिनय आहे. वास्तववादी संहितेला संसदेने काल्पनिकेच्या खात्यात टाकले. साहित्यप्रकाराचा असा निवाडा विधिमंडळाने करण्याची उदाहरणे फार नसावीत. ह्या कलमाखाली कोणतीही स्थानिक संस्था कधी दोषी ठरली नाही. पण शिक्षकांच्या मनातील धास्तीने जे काम केले त्याला निकालाची गरज नव्हती. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले.

अटलांटिकच्या पलीकडे ह्याच सुमारास दुसरी वाट चोखाळली जात होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन गावी लेस्लेया न्यूमन ह्या लेखिकेला रस्त्यात भेटलेल्या एका स्त्रीने सांगितले की आमच्यासारख्या घराचे एकही पुस्तक मला माझ्या मुलीला वाचून दाखवता येत नाही. न्यूमन स्वतः ज्यू. आपल्या बालपणी आपल्यासारखे घर पुस्तकात दिसले नाही ही त्यांची जुनी सल होती. प्रकाशक मिळेना, तेव्हा दहा-दहा डॉलरच्या वर्गण्यांतून सुमारे ४,००० डॉलर जमवून १९८९ च्या अखेरीस ‘हेदर हॅज टू मॉमीज’ छापले गेले. चित्रे डायना सूझा यांची. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या ‘अ‍ॅलिसन पब्लिकेशन्स’ने ते आपल्याकडे घेतले, त्याच संस्थेने मायकेल विल्होइट यांचे ‘डॅडीज रूममेट’ही १९९० मध्ये काढले.

हेदरला दोन हा आकडा आवडतो. तिला दोन हात, दोन पाय, दोन पाळीव प्राणी आणि दोन आया आहेत. ह्या मांडणीतील चातुर्य असे की आयांची संख्या अवयवांच्या मालिकेत जाऊन बसते; ती प्रश्नच राहत नाही. मराठी वाचकाने हे शीर्षक आपल्या भाषेत आणून पाहावे म्हणजे त्यातील धाडस कळेल. ‘आई’चे अनेकवचन ‘आया’. आणि ते उच्चारताच कानाला दुसऱ्याची मुले सांभाळणारी पगारी बाईही ऐकू येते. एका मुलाला एकाहून अधिक आया असणे आपल्या समाजाला अपरिचित नव्हते. परंतु भाषेने अशा प्रत्येकीला विशेषण लावले : मोठी आई, धाकटी आई, सावत्र आई, मानलेली आई. विशेषणाने क्रम लागतो, आणि खरी कोण हे न सांगता सांगितले जाते. न्यूमन यांचे शीर्षक नेमके हे विशेषण नाकारते. घरात एक आई सुतारकाम करते, दुसरी डॉक्टर आहे. हेदर त्यांना त्यांच्या नावांनी ओळखते, क्रमाने नव्हे.

तरीही १९८९ ची हेदर पूर्णतः मोकळी नाही. तिच्या जन्माआधी तिच्या आया डॉक्टरकडे कशा गेल्या, कृत्रिम गर्भधारणा कशी झाली, हे पुस्तक सविस्तर समजावून देते. पुढे खेळगटात दुसऱ्या मुलाच्या वडिलांचा विषय निघतो, आपल्याला वडील नाहीत हे हेदरच्या ध्यानी येते आणि ती रडते. मग शिक्षिका मुलांकडून आपापल्या कुटुंबाची चित्रे काढून घेते आणि प्रत्येक घर निराळे असल्याचे दाखवते. आपल्याकडे संतांच्या अभंगांची पाठचिकित्सा होते. त्याच दृष्टीने ह्या पुस्तकाच्या आवृत्त्या लावून पाहिल्या तर हाती फार काही लागते. २००० सालच्या दशकपूर्ती आवृत्तीत गर्भधारणेचा मजकूर गळला. २०१५ साली लॉरा कॉर्नेल यांच्या नव्या चित्रांसह जी आवृत्ती निघाली तीत हेदर रडतही नाही. तिला फक्त कुतूहल वाटते. ह्या दोन वगळण्यांत पंचवीस वर्षांचा सामाजिक इतिहास आहे. पहिल्या पाठाला दोन गोष्टींचा खुलासा करावा लागत होता : हे मूल आले कोठून, आणि त्याला काही कमी तर नाही ना. रडणे ही कथानकाची गरज नव्हती. संशयी प्रौढाच्या मनातील आक्षेप मुलीच्या डोळ्यांतून वाहत होता. नंतरच्या पाठाने तो आक्षेप मुलीकडून काढून घेतला. न्यूमन यांचेच ‘मॉमी, मामा, अँड मी’ (२००९) जाड पुठ्ठ्याच्या पानांचे आहे, ज्यांना अजून वाचता येत नाही अशा बाळांसाठी. त्यात खुलासा शून्य. दिवस उजाडतो, खेळ होतात, अंघोळ होते, दिवस मावळतो.

विल्होइट यांच्या पुस्तकात घटस्फोटित वडील आणि फ्रँक काम करतात, जेवतात, झोपतात, दाढी करतात, भांडतात आणि समेट करतात. एकेका पानावर एकेक वाक्य. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९९० ते १९९९ ह्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची जी यादी केली तीत हे दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्या दशकातील सर्व वादांची जंत्री देण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्क शहराच्या ‘चिल्ड्रन ऑफ द रेनबो’ ह्या पहिलीच्या शिक्षकांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत ही पुस्तके केवळ संदर्भसूचीत होती. तेवढ्यावरून १९९२ मध्ये क्वीन्समधील एका जिल्हा शाळा-मंडळाने ती मार्गदर्शिका फेटाळली, आणि १९९३ च्या फेब्रुवारीत शहराचे शिक्षणप्रमुख जोसेफ फर्नांडेझ यांचा करार न वाढविण्याचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी झाला. टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे १९९८ साली एका धर्मोपदेशकाने हेदर आणि ‘डॅडीज रूममेट’च्या ग्रंथालयीन प्रती स्वतःकडे ठेवून घेतल्या व त्यांची किंमत चुकती केली. नंतर नगरपरिषदेने नियम केला की ३०० सभासदांच्या सह्या आल्या तर मुलांचे पुस्तक प्रौढांच्या विभागात हलवावे. २००० साली संघीय न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. पुस्तक नष्ट न करता उंच फळीवर ठेवण्याची ही युक्ती पुढे इतरत्रही दिसते. २०१४ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने तीन चित्रपुस्तके मागे घेतली. एकाचा लगदा झाला. गदारोळानंतर उरलेली दोन प्रौढांच्या विभागात गेली. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती त्यांचा हात तेथवर पोचत नव्हता, एवढाच फरक.

कॅनडातील प्रकरण मात्र अधिक थांबून पाहण्यासारखे आहे. रोझमंड एल्विन आणि मिशेल पॉल्स यांचे ‘आशाज मम्स’ टोरोंटोच्या ‘विमेन्स प्रेस’ने १९९० साली काढले. आशाच्या वर्गाची सहल विज्ञानकेंद्रात जायची आहे. घरून सही करून आणलेला परवानगीचा कागद शिक्षिका परत करते : त्यावर दोन आयांची नावे आहेत, म्हणजे तो चुकीचा भरला आहे. आशाला धास्ती की आपली सहल हुकणार. आया शाळेत येतात, खुलासा होतो, कागद स्वीकारला जातो. ह्या शाखेतील इतर पुस्तके घर दाखवतात. ह्या पुस्तकाने रकाना दाखवला. माणसांना कुटुंबाची व्याख्या कळते ती तत्त्वज्ञानातून नव्हे, अर्जातील रिकाम्या जागेतून, ही सूक्ष्म जाण ह्या साध्या कथेत आहे. मराठी शाळेत ‘वडिलांचे नाव’ ह्या रकान्यापुढे अडखळलेल्या परित्यक्तेच्या मुलाला ती निराळी सांगावी लागणार नाही.

ब्रिटिश कोलंबियातील सरे येथील शाळा-मंडळाने १९९७ साली हे आणि आणखी दोन पुस्तके बालवर्गासाठी मंजूर करण्यास नकार दिला. ती मागणारे शिक्षक जेम्स चेंबरलेन न्यायालयात गेले. म्हणजे अडलेल्या कागदाची गोष्ट स्वतःच एका कागदावर अडली. २० डिसेंबर २००२ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मंडळाचा निर्णय अवाजवी ठरवला. सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅक्‍लॉक्लिन यांच्या निकालाचा एक धागा असा : घरी एक आणि शाळेत दुसरे ऐकल्याने मुलाच्या मनात विसंगती निर्माण होईल हे खरे, पण बहुविध समाजात वाढण्याचाच तो भाग आहे, आणि सहिष्णुता शिकण्यासाठी कोणतेही वय लहान नसते. विषय फेरविचारासाठी मंडळाकडे परतला. २००३ मध्ये मंडळाने तीच पुस्तके पुन्हा नाकारली. ह्या वेळी कारणे धर्माची नव्हती, व्याकरणासारख्या गुणवत्तेच्या मुद्द्यांची होती. धर्माच्या दाराने जे आत येऊ दिले नाही ते समीक्षेच्या दाराने बाहेर ठेवले. समीक्षेचा व्यवसाय करणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

नव्या सहस्रकाच्या आरंभी ह्या पुस्तकांनी वास्तवाचे अंगण सोडून दोन दिशांना प्रयाण केले. एक दिशा परीकथेची. लिंडा डे हान आणि स्टर्न नेलँड यांच्या डच ‘कोनिंग अँ कोनिंग’मध्ये (२०००) राजपुत्राला एकही राजकन्या पसंत पडत नाही, पडतो तो एका राजकन्येचा भाऊ. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. परीकथेने कायद्याच्या पुढे जावे ह्यात नवल नाही, परीकथेला खुलासा द्यावा लागत नाही. दुसरी दिशा प्राण्यांची. जस्टिन रिचर्डसन आणि पीटर पार्नेल यांचे ‘अँड टँगो मेक्स थ्री’ (२००५, चित्रे हेन्री कोल) हे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयातील रॉय आणि सायलो ह्या दोन नर पेंग्विनांची सत्यकथा सांगते. ते दगड उबवत बसले; मग रक्षकाने त्यांना अंडे दिले; त्यातून टँगो ही पिल्ली जन्मली.

पंचतंत्राच्या देशातील वाचकाला प्राण्यांच्या मुखाने मानवी व्यवहार सांगण्याची रीत परकी नाही. परंतु पंचतंत्रातील कोल्हा हा खऱ्या कोल्ह्याची साक्ष काढत नाही. टँगोच्या कथेचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही तिच्या खरेपणात आहे. ती निसर्गाला साक्षीला बोलावते : पाहा, हे निसर्गात घडते. आणि साक्षीदार उलटू शकतो. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी सायलोने रॉयला सोडून स्क्रॅपी नावाच्या मादीशी जोडी केल्याची बातमी आली, आणि विरोधकांनी ती हर्षाने उचलली. पेंग्विनाच्या संसारावर माणसाचा हक्क तोलून धरला की पेंग्विनाच्या चंचलतेची किंमतही मोजावी लागते. जेनीच्या छायाचित्रांची चूक येथे दुसऱ्या वेषात परत आली होती, असे म्हणता येईल.

रुडीन सिम्स बिशप ह्या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० साली मांडलेले रूपक बालसाहित्याच्या चर्चेत रूढ झाले आहे : पुस्तक हे आरसा आणि खिडकी असते, एकाला स्वतःचे घर दाखवणारे आणि दुसऱ्याला शेजाऱ्याचे. ह्या पुस्तकांचे कैवारी बहुधा आरशाबद्दल बोलत राहिले. ज्या मुलाच्या दोन आया आहेत त्याला पुस्तकात आपले घर दिसू नये काय? ह्या प्रश्नाला विरोधकही सहसा थेट नकार देत नाहीत. वाद सारा खिडकीचा आहे. ज्याच्या घरी आई आणि बाबा आहेत त्या मुलाने ते शेजारचे घर पाहावे काय, आणि पाहायचे तर नुसते पाहावे की ते ‘आपल्यासारखेच’ म्हणून पाहावे? हंगेरीत २०२१ साली लॉरेन्स शिमेल यांच्या दोन छोट्या पुस्तकांची एकत्र आवृत्ती विकणाऱ्या पुस्तकदुकानाला २,५०,००० फोरिंट दंड झाला. एका पुस्तकात दोन आयांच्या घरातील सकाळ आहे, दुसऱ्यात दोन बाबांच्या घरातील झोपण्याची वेळ. ठपका असा की नेहमीच्या कुटुंबाहून वेगळी कुटुंबे त्यात आहेत ही सूचना ग्राहकाला दिलेली नव्हती. म्हणजे आक्षेप मजकुरावर नव्हता, सूचनेच्या अभावावर होता. खिडकीवर ‘हे तुमचे घर नव्हे’ अशी पाटी हवी होती.

ह्या सर्व वाचनांची परिणती २०२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झाली. मेरिलँड राज्यातील माँटगोमरी काउंटीच्या शाळांनी २०२२ साली काही चित्रपुस्तके भाषाविषयात आणली. २०२३ च्या मार्चमध्ये, ती वाचली जाताना मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची पालकांची मुभा काढून घेतली. निरनिराळ्या धर्मांचे पालक न्यायालयात गेले. त्या पुस्तकांत सारा ब्रॅनेन यांचे ‘अंकल बॉबीज वेडिंग’ होते. २००८ च्या मूळ आवृत्तीत सारी पात्रे गिनिपिग होती. २०२० साली लुसिया सोटो यांच्या चित्रांनी ती माणसे झाली. क्लोई ह्या मुलीच्या लाडक्या काकांचे एका पुरुषाशी लग्न ठरते आणि ती खट्टू होते. काका आता माझ्यासाठी वेळ देतील का, ही तिची चिंता. लग्न करायचेच कशाला, असे ती आईला विचारते. प्रेम असले की मोठी माणसे कधीकधी लग्न करतात, असे आई सांगते.

२२ एप्रिलच्या सुनावणीत न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी हा संवाद भर न्यायालयात वाचून दाखवला आणि त्यात सूचकपणे पण निश्चित असा नैतिक संदेश असल्याचे म्हटले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी क्लोईच्या नाराजीचे कारण निराळे असल्याचे मध्येच सुचवू पाहिले, तेव्हा त्यांनी आपले बोलणे पुरे करू देण्याची विनंती केली. एका मुलीच्या रुसव्याचा अन्वयार्थ काय, ह्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर मतभेद झाला. २७ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने अंतरिम आदेश झाला : खटला चालू असेतो पुस्तकांची पूर्वसूचना द्यावी आणि मुलांना बाहेर राहू द्यावे. बहुमताच्या वतीने अलिटो यांनी लिहिले की कथेची चढण लग्नाच्या प्रसंगी कळसाला जाते आणि तो प्रसंग सर्वांना मान्य असलेला आनंदसोहळा म्हणून येतो. पुस्तक केवळ अशी लग्ने होतात एवढे सांगत नाही, ती साजरी करावीत असे सुचवते.

वाचन म्हणून ह्या मताला तुच्छ लेखता येणार नाही. कथानकाची रचना, कळस, गौण पात्रांची संमती, ह्या खुणांवरून संहितेची मूल्यदृष्टी हुडकणे हे समीक्षकाचेच काम आहे, आणि ‘ही तर साधी गोष्ट आहे’ असे म्हणणाऱ्या कैवाऱ्यांपेक्षा ते रूपाला अधिक गांभीर्याने घेते. साधा दिवस कधीच निरागस नसतो. परंतु मग हा नियम एकाच पुस्तकाला का लावावा? काकांचे काकूशी लग्न होते आणि सारे गाव नाचते, अशा असंख्य चित्रपुस्तकांची चढणही कळसालाच जाते. आई स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्रात, हे चित्र पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांत कोणत्याही सूचनेशिवाय छापले गेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील चित्रांत पुरुष घरकामात दिसू लागले, त्याची बातमी झाली. आधीच्या चित्रांची कधी झाली नव्हती. अलिटो यांचे वाचन अर्ध्यावर थांबते. जे बहुसंख्यांचे आहे त्यात त्याला संदेश दिसत नाही, जे अल्पसंख्यांचे आहे त्यात संदेशाशिवाय काही दिसत नाही. क्लोईचा रुसवा म्हणूनच त्याच्या हातून निसटतो. काकांचा जोडीदार पुरुष आहे हे तिच्या लेखी कारणच नाही. ती रुसते ती प्रेमाच्या वाटपावरून. घरात नवे माणूस येणार म्हटले की मुले जशी रुसतात तशी. आक्षेपाचा भार मुलीच्या अंगावरून उतरवण्यास हेदरला पंचवीस वर्षे लागली होती. क्लोईच्या अंगावर तो कधी नव्हताच. न्यायालयाने तो नव्याने ठेवला.

भिन्नमत नोंदवताना सोटोमायर यांनी ह्या पुस्तकाचा सारांश देण्यावर समाधान मानले नाही. त्यांनी संपूर्ण पुस्तकच निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडले. आता ज्याला ते निकालपत्र उघडायचे असेल त्याला कलमे, दाखले आणि तळटीपा ओलांडून गेल्यावर शेवटी ते सापडते : क्लोई, काका, त्यांचा होणारा नवरा आणि लग्नाचा दिवस, पानामागून पान.